भूकंपग्रस्त कोण? किल्लारीनंतरच्या पुनर्वसनाचा इतिहास

महाराष्ट्र शासनाच्या सरळसेवा भरतीची कोणतीही जाहिरात उघडून पाहावी. समांतर आरक्षणाच्या तक्त्यात महिला, खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त यांच्या ओळीत आणखी एक रकाना असतो : भूकंपग्रस्त. अर्ज भरणाऱ्या बहुतेक उमेदवारांचा जन्म त्या भूकंपानंतरचा असतो. रकाना मात्र अजून टिकून आहे. तो जिथून आला ती रात्र सर्वांना ऐकून ठाऊक आहे. पण त्या रात्रीनंतर सलग काही वर्षे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक वेगळाच वाद चालू होता. भूकंपग्रस्त कोण, त्याला घर किती मोठे द्यायचे, ते कुठे बांधायचे, आणि हे ठरविताना त्याला विचारायचे की नाही? भारतातील आपत्ती-पुनर्वसनाचे पुढचे धोरण बऱ्याच अंशी या वादातून घडले.

३० सप्टेंबर १९९३, गुरुवार. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून उशिरा परतलेली गावे गाढ झोपेत होती. तेरणा नदीच्या काठावर, लातूर जिल्ह्यातील औसा आणि उस्मानाबाद जिल्ह्यातील उमरगा या दोन तालुक्यांच्या सीमेवर, ६.२ तीव्रतेचा धक्का बसला. किल्लारी, तळणी, मंगरूळ, सास्तूर, राजेगाव, होळी, पेठसांगवी ही नावे त्या सकाळी आकाशवाणीवरून देशभर पोहोचली. मृतांचे आकडे निरनिराळ्या अहवालांत निरनिराळे आहेत. ७,९२८ पासून ९,७४८ पर्यंत. एवढ्या मध्यम तीव्रतेच्या भूकंपात एवढी माणसे जावीत, हे भूशास्त्रज्ञांनाही कोडे वाटले.

त्याचे पहिले उत्तर नकाशात होते. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर, कठीण, न हलणारी भूमी, असे शाळेच्या भूगोलापासून शासनाच्या बांधकाम संहितेपर्यंत सर्वत्र लिहिलेले होते. भूकंपप्रवणतेच्या तत्कालीन नकाशात हा भाग सर्वांत सुरक्षित अशा पहिल्या क्षेत्रात मोडत होता. (आज तो तिसऱ्या क्षेत्रात आहे, पहिले क्षेत्रच पुढे नकाशातून रद्द झाले.) गावकऱ्यांचा अनुभव मात्र नकाशाशी जुळत नव्हता. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारीच्या परिसरात जमिनीतून आवाज येत होते, भांडी हलत होती, भिंतींना चिरा पडत होत्या. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तर लोक काही रात्री घराबाहेर झोपले. हादरे हळूहळू थांबले आणि माणसे पुन्हा आत गेली. ज्यांना धोका जाणवला होता त्यांचे म्हणणे ज्या संस्थांकडे पोहोचायला हवे होते तिथे ते निर्णयाच्या रूपाने पोहोचले नाही. नागरिकांचा सहभाग हा शब्द पुढे अहवालांतून फार वापरला गेला. त्याचा अभाव कसा असतो, हे भूकंपाच्या आधीच्या वर्षाने दाखवून दिले होते.

दुसरे उत्तर घरात होते. तेरणेच्या काठचे जुने घर म्हणजे माळवद. दोन-अडीच फूट, कधी त्याहूनही जाड दगडी भिंती; बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये दगडगोट्यांची भर आणि सगळे बांधलेले मातीच्या गिलाव्यात. वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकायची रीत होती, म्हणजे छप्पर दर वर्षी थोडे जड होत जाई. उन्हाळ्यात हे घर गारव्याचे, चोरापासून सुरक्षित आणि प्रतिष्ठेचेही. भिंत जितकी जाड तितका घरधनी मातब्बर. भूकंपात या भिंतींचे बाहेरचे आणि आतले थर एकमेकांपासून सुटले आणि माती झोपलेल्यांवर आली. कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर असलेल्या झोपडीतील माणसे त्या मानाने वाचली. मराठवाड्याच्या इतिहासात गरिबीने जीव वाचविल्याचे प्रसंग फार नाहीत. हा त्यांपैकी एक. पुनर्वसनात ही गोष्ट लवकरच विसरली गेली.

पुनर्वसनाचा आराखडा काही महिन्यांत उभा राहिला. मुख्यमंत्री शरद पवार होते. जागतिक बँकेकडून सुमारे २४.६ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले आणि १३ जिल्ह्यांना कवेत घेणारा महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम १९९४ मध्ये सुरू झाला. पुढे १९९५ मध्ये राज्यात सत्तांतर झाले, तरी कार्यक्रम चालू राहिला. हीही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. बाधित गावांची तीन गटांत विभागणी करण्यात आली. जिथे ७० टक्क्यांहून अधिक घरे पडली आणि पायाखाली काळ्या मातीचा खोल थर होता, ती ५२ गावे दुसऱ्या जागी नव्याने वसवायची. जिथे पडझड मोठी, पण जागा बदलण्याचे कारण नाही, तिथे जुन्याच जागी घरे उभारायची. आणि ज्या शेकडो गावांतील घरांना तडे गेले होते, तिथे मालकाने स्वतः दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे, शासनाने पैसे व तांत्रिक मदत द्यायची.

कागदावर या तिन्ही गटांत लोकसहभाग अनिवार्य होता. पुनर्वसित गावांतील लोकसहभागाची जबाबदारी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे आली. दुरुस्ती कार्यक्रमातील तीच जबाबदारी ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या, स्त्रियांच्या गटांबरोबर काम करणाऱ्या संस्थेकडे गेली. समाजशास्त्रज्ञ आणि कार्यकर्ते यांना अभियंत्यांच्या शेजारी, शासनाच्या रीतसर नेमणुकीने बसविण्याचा एवढा मोठा प्रयोग महाराष्ट्रात त्यापूर्वी झाल्याचे उदाहरण सहज सापडत नाही.

हा प्रयोग ज्या भूमीत होत होता तिचा इतिहास लक्षात घेतला नाही, तर पुढचे प्रसंग नीट उमगत नाहीत. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लोकनियुक्त सत्तेचा अनुभव इथे उर्वरित महाराष्ट्राच्या मानाने उशिरा आला. १९५६ मध्ये हा प्रदेश मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. जिल्हा परिषदा १९६२ च्या. लातूर तर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता. पंचायतींना घटनात्मक दर्जा आणि स्त्रियांना एक-तृतीयांश जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली, म्हणजे भूकंपाच्या अवघ्या पाच महिने आधी. ग्रामसभा कायद्यात होती. पण गावच्या पारावर ती भरली, तर बोलणारी माणसे ठरलेली असत आणि स्त्रिया तर बहुधा तिथे नसतच.

आणि बोलण्याची किंमत काय असते, हे शेजारच्या नांदेड जिल्ह्याने पाहिलेले होते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे ४ ऑगस्ट १९७८ रोजी पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. अत्याचार विरोध समितीने गावोगाव जाऊन केलेली पाहणी १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. एका सार्वजनिक संस्थेच्या दारावरील नावाचा प्रश्न गावातील जमीन, मजुरी आणि गावकीची कामे नाकारण्याच्या प्रश्नाशी कसा गुंतला होता, याचा शोध त्या दंगलींच्या अभ्यासकांनी घेतला. भूकंपानंतर दोनच महिन्यांनी, २५ नोव्हेंबर १९९३ रोजी, नामांतरासाठी नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि लातूरची महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. किल्लारीच्या परिसरात पत्र्याच्या शेडमध्ये लोक थंडी काढत होते, तेव्हा मराठवाड्याच्या दुसऱ्या टोकाला सार्वजनिक संस्था कोणाची, हा प्रश्न रस्त्यावर होता. दोन्ही घटनांचा इतिहास वेगवेगळ्या पुस्तकांत लिहिला जातो. हिवाळा मात्र एकच होता.

आता ५२ गावांकडे.

गाव हलवायचे का, हे लोकांना विचारले गेले होते. ग्रामसभा झाल्या, ठराव झाले. पण ते विचारले गेले कधी? जेव्हा ढिगाऱ्याखालून काढलेली माणसे नुकतीच दहन-दफन झाली होती आणि त्या जागेकडे पाहणेही असह्य होते. अशा वेळी जवळपास प्रत्येक जण म्हणणार, इथे नको. काही महिन्यांनी शेत किती दूर पडेल, विहीर कुणाच्या वाट्याला येईल, भावकी शेजारी राहील का, हे प्रश्न सुचू लागले, तोवर जमीन संपादित होऊन नकाशे मंजूर झाले होते. सहभागाचा क्षण चुकला की सहभागाची सहीच तेवढी उरते, आणि ती सही नंतर तक्रार करणाऱ्याला दाखविता येते.

नकाशे शहरी वसाहतींसारखे होते. सरळ रुंद रस्ते, चौकोनी भूखंड, एकासारखे एक घर. जुन्या गावठाणाच्या मानाने नवे गाव अनेक पटींनी पसरले. जुने गाव दाट होते, गल्ल्या बोळकांड्यांच्या होत्या, पण त्या बोळांत सावली होती आणि वाड्याच्या चौकात बायकांना कुणाच्या नजरेत न येता दळण-कांडण, निवडणे-टिपणे करता येई. नव्या घराचे दार थेट साठ फुटी रस्त्यावर उघडू लागले. बैल बांधायला गोठा नव्हता, कडब्याची गंजी लावायला परडे नव्हते, ज्वारी साठवायला बळद नव्हते. एका गावात तर देणगीदारांनी भूमितीच्या पुस्तकातून उतरल्यासारखी घुमटाकार घरे बांधली. ती भूकंपात पडणार नाहीत, याबद्दल शंका नव्हती. पण गोल भिंतीला कपाट कुठे टेकवायचे, पेटी कुठे ठेवायची आणि खोली वाढवायची तर कोणत्या बाजूने, याचा विचार नव्हता. घर हे कुटुंबाबरोबर वाढते. मराठवाड्यात ते खणांनी मोजले जाई, आणि मुलाचे लग्न झाले की खण वाढे. घुमटाला खण जोडता येत नाही.

देशभरातून मदत आली, ती मनापासून आली. संस्था, उद्योगसमूह, वृत्तपत्रे, धार्मिक न्यास यांनी गावेच्या गावे दत्तक घेतली. पुण्यात भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी उचलली. हे काम लोक आजही कृतज्ञतेने सांगतात. परंतु दत्तक या शब्दातच नाते ठरून जाते. देणाऱ्याला वेळेत उद्घाटन हवे असते, घेणाऱ्याला तक्रार करण्याचा संकोच वाटतो. काही देणगीदारांनी गावकऱ्यांबरोबर बसून आराखडे बदलले, काहींनी चावीच तेवढी हातात दिली. शेजारशेजारच्या दोन गावांत घरांचा दर्जा आणि आकार निराळा दिसतो, त्याचे मूळ या भाग्याच्या सोडतीत आहे.

सर्वांत बोलका तपशील घराच्या आकाराचा. कुटुंबाकडे जमीन किती, यावर घर किती हे ठरले. भूमिहीन आणि अत्यल्पभूधारकाला २५० चौरस फूट. मधल्या शेतकऱ्याला ४००. सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५०. यामागचा तर्क समजण्यासारखा आहे. मोठ्या शेतकऱ्याचा मोठा वाडा गेला होता, त्याला एका खोलीत बसविले असते तर तो नव्या गावी आलाच नसता आणि गाव फुटले असते. तरीही सातबाऱ्याचा उतारा हा घराचा मापदंड झाला, याचा अर्थ फार दूरवर जातो. भूकंपाने सर्वांची घरे जमिनीबरोबर सपाट केली होती. शासनाने ती पुन्हा बांधताना जुनी उतरंड चौरस फुटांत मोजून परत केली. कुटुंबात माणसे किती, हा प्रश्न जमीन किती या प्रश्नाच्या मागे पडला. सात माणसांचे भूमिहीन कुटुंब आणि २५० चौरस फूट. हे गणित त्या मापाने कुणालाच खटकले नाही, असे नाही, पण बदललेही नाही.

त्याचा पुढचा परिणाम नकाशावर उमटला. एकाच आकाराचे भूखंड एकत्र आखणे अभियंत्याला सोयीचे असते. मराठवाड्यात भूमिहीनता आणि जात यांचे नाते इतके जवळचे की २५० चौरस फुटांची ओळ ही बरीचशी कुणाची ओळ असणार, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नव्हती. जुन्या गावात दलित वस्ती वेशीबाहेर होती, ती रूढीने. नव्या गावात ती भूखंडाच्या प्रवर्गाने वेगळी पडण्याची वाट मोकळी झाली, आणि या वेळी आखणीवर सरकारी शिक्का होता. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या कुडाच्या घरात काढल्या त्यांना पहिल्यांदाच पक्की भिंत, स्वतःच्या नावावरचा भूखंड आणि मोठ्या घरासमोरून जाणाऱ्या रस्त्याइतकाच रुंद रस्ता मिळाला. तेच घर अपुरे होते आणि तेच घर आधीच्यापेक्षा फार चांगले होते. या दोन्ही गोष्टी एकाच कुटुंबाच्या तोंडून ऐकू येतात, आणि दोन्ही खऱ्या आहेत.

सामाजिक संशोधकांचे काम इथे अवघड होते. गावोगावची पाहणी करायची, लोकांच्या तक्रारी नोंदवायच्या, समित्या स्थापन करायच्या आणि त्या तक्रारी अभियंत्यांपर्यंत न्यायच्या. पण कंत्राट निघालेले, देणगीदार ठरलेला, तारीख जाहीर झालेली. मग नोंदवलेल्या मताचा उपयोग दार कोणत्या दिशेला, ओटा किती उंच, एवढ्यापुरताच उरतो. त्यांनी जे टिपले ते पुढच्या पिढीतील अभ्यासकांना उपयोगी पडले. त्या वेळच्या गावकऱ्यांना ते किती पडले, हे गावागणिक बदलते.

या कार्यक्रमाचा दुसरा भाग वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर फारसा कधी आला नाही. ५२ गावांतील घरे २५ हजारांहून थोडी अधिक. दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या यादीतील घरे दीड लाखाहून अधिक. इथे उद्घाटनाला फीत कापता येत नव्हती. काम घरमालकाने स्वतः, गावच्या गवंड्याकडून करून घ्यायचे. अनुदान हप्त्याहप्त्याने मिळायचे. प्रत्येक टप्प्यावर कनिष्ठ अभियंता येऊन पाहणी करायचा आणि मग पुढचा हप्ता सुटायचा.

ऐकायला सोपी वाटणारी ही रचना प्रत्यक्षात गावकऱ्याला पूर्णपणे नवी होती. बँकेचा उंबरठा अनेकांनी ओलांडलेला नव्हता. यादीत नाव आहे की नाही, हे कुठे पाहायचे? अभियंता कधी येणार? भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालायचा म्हणजे काय, कोपऱ्यांत लोखंड का, खिडकीच्या वरून सगळ्या भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा कशासाठी? गवंड्याला विचारावे, तर त्याच्या आजोबाने बांधलेलीच घरे पडली होती. या पोकळीत दलाल येतात. महाराष्ट्रातील कोणत्याही सरकारी योजनेचा इतिहास वाचला, तर ते नेहमी येतात.

त्या पोकळीत या वेळी आणखी कुणी तरी आले. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ने गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमण्याची पद्धत काढली. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतील हजाराहून अधिक गावांत ती राबविली गेली. संवाद सहायक म्हणजे बहुधा त्याच गावातील स्त्री. तिचे काम दोन्ही दिशांचे. शासनाचा नियम गावाला समजावून सांगायचा आणि गावाची अडचण अभियंत्याला, तहसीलदाराला, प्रसंगी जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत सांगायची. याद्या ग्रामसभेत वाचल्या जाऊ लागल्या. सगळ्यांसमोर वाचलेल्या यादीत कुणाचे नाव राहिले किंवा कुणाचे दोनदा आले, हे लपत नाही.

याला सरळसोट विजयकथा समजणे चुकीचे ठरेल. घर बांधणे हे पुरुषाचे काम आणि पैशाचा व्यवहार तर त्याहून. बाई तिथे काय करणार, हा प्रश्न सासरच्या माणसांनी विचारला, सरपंचांनी विचारला, अभियंत्यांनीही विचारला. दगड कसा बसवावा हे अभियंत्याला विचारणारी सून दिसली की पारावर चर्चा होई. पण बायकांना एक फायदा होता, आणि तो संशोधनाच्या भाषेत क्वचितच नीट मांडला जातो. त्या दिवसभर घरी असत. पाया खोदताना, सिमेंट कालवताना, गवंडी घाईत दोन थरांमध्ये मातीच भरत असताना पाहणारे डोळे त्यांचे होते. घरधनी शेतात किंवा तालुक्याला. देखरेख हे काम मुळात त्याच करीत आल्या होत्या. या वेळी त्याला नाव मिळाले आणि त्या नावामुळे कचेरीत बसायला खुर्ची मिळाली.

आता या कार्यक्रमातील सर्वांत मजेदार, आणि अभियंत्यांच्या दृष्टीने सर्वांत निराशाजनक प्रकार. तज्ज्ञांचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. दगड दोषी नाही, बांधणी दोषी आहे. माळवदावरची माती कमी करा, भिंतीचे दोन्ही थर एकमेकांत गुंतवा, तुळई आणि खांब यांना कोपऱ्यात आधार द्या, जुने घर टिकेल. नमुन्याची घरे दुरुस्त करून दाखविली गेली. लोकांनी ती पाहिली, मान डोलावली आणि अनुदानाच्या पैशातून बहुसंख्यांनी जुन्या घराशेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. ज्या दगडाखाली शेजारचे गाव गाडले गेले त्या दगडाखाली झोपायला कुणी तयार नव्हते. स्लॅबची खोली ही सुरक्षिततेची आणि नव्या प्रतिष्ठेची खूण ठरली. रात्री कुटुंब नव्या खोलीत झोपू लागले आणि जुन्या माळवदात धान्य, अवजारे, कधी म्हातारा-म्हातारी.

मूल्यमापन करणाऱ्यांना हे उद्दिष्टापासून ढळणे वाटले. खरे तर लोकसहभागाची परीक्षा इथेच होती. लोकांना विचारले आणि त्यांनी तज्ज्ञांना न आवडणारे उत्तर दिले, तर काय करायचे? शासनाने अखेरीस ती नवी खोली मान्य केली, भूकंपरोधक पट्टा त्या खोलीत असला पाहिजे एवढा आग्रह धरला. गवंडी तो पट्टा बांधायला शिकले. दुरुस्ती फसली असे म्हणणाऱ्यांनी नव्या खोलीतला हा पट्टाही मोजावा.

कोण बाहेर राहिले, याचीही नोंद हवी. भाड्याने किंवा दुसऱ्याच्या वाड्याच्या पडवीत राहणाऱ्याचे घर पडले, तर घर गेले ते मालकाचे. राहणाऱ्याचे काय गेले, याचा रकाना नव्हता. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये ज्याच्या नावाने घराची नोंद तो घरमालक. स्त्रियांची नावे त्या नोंदवहीत क्वचितच असत. नवऱ्याने टाकलेली, माहेरी येऊन भावाच्या घरामागे चूल मांडलेली बाई कुटुंब या व्याख्येत कुठे बसते? जिथे संवाद सहायक खमक्या होत्या तिथे अशी नावे ग्रामसभेत पुढे आणता येत. जिथे नव्हत्या तिथे यादी नोंदवहीसारखीच राहिली. समावेशाचा प्रश्न दर वेळी धोरणाच्या मोठ्या वाक्यात सुटत नाही. तो यादीच्या तळाशी, शेवटच्या चार-पाच नावांवर अडतो.

कार्यक्रम १९९० च्या दशकाच्या अखेरीस आटोपला. महिला मंडळे मात्र पांगली नाहीत. बचत गट, माहिती केंद्रे, गावच्या पाण्याची आणि आरोग्य उपकेंद्राची पाहणी असे त्यांचे काम वाढत गेले. कचेरीत कुणाला भेटायचे आणि अर्जाची पोच का मागायची, हे एकदा कळले की ते ज्ञान घराबरोबर संपत नाही. पंचायतीच्या राखीव जागा नुकत्याच आल्या होत्या. सभेत उभे राहून बोलण्याची सवय झालेल्या बायकाही आता गावात होत्या.

मग २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले. गुजरात शासनाने पुनर्वसनाचे धोरण ठरविताना लातूरचे दोन्ही भाग डोळ्यांसमोर ठेवले आणि मुख्य भर घरमालकाने स्वतः बांधण्यावर दिला. पैसे हप्त्याने, तांत्रिक पाहणी टप्प्याटप्प्याने, स्थलांतर शक्य तितके टाळून. भूकंपाच्या वेळी लातूरचे जिल्हाधिकारी असलेले प्रवीणसिंह परदेशी आणि या कार्यक्रमात काम केलेले अधिकारी पुढे देश-विदेशातील आपत्ती-व्यवस्थापनात दिसतात. महाराष्ट्राने आपत्ती-व्यवस्थापनाचा जिल्हावार आराखडा याच कार्यक्रमातून तयार केला. देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये आला, तेव्हा अशा आराखड्यांचा अनुभव हाताशी होता.

पण अधिकाऱ्यांच्या आधी बायका पोहोचल्या होत्या. लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांतील स्त्रिया कच्छच्या तंबूंतून फिरल्या. भाषा वेगळी, पोशाख वेगळा, पडलेली भिंत मात्र ओळखीची. घर घाईने दुसऱ्याच्या हाती देऊ नका, यादी सगळ्यांसमोर वाचायला लावा, बांधकाम चालू असताना रोज पाहा. आठ वर्षांच्या खटपटीतून हाती आलेल्या या गोष्टी होत्या. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही मराठवाड्याचा हाच अनुभव नेला गेला.

५२ गावे आज तीस वर्षांची झाली आहेत. चौकोनी घरांना पुढे पत्र्याची पडवी आली, मागे गोठा आला, वर कुठे दुसरा मजला चढला. साठ फुटी रस्त्यांच्या कडेने ओटे पुढे सरकले आणि रस्ते पुन्हा बोळांसारखे होत आहेत. घुमट ज्यांना बदलता आले त्यांनी त्याला चिकटून सरळ भिंतीची खोली काढली. घराच्या मालकीचा कागद, ज्याला मराठवाड्यात कबाला म्हणतात, तो हाती नसल्याची तक्रार ग्रामसभांतून अनेक वर्षे होत राहिली. नव्या घरावर कर्ज काढायला गेलेल्या तिसऱ्या पिढीला बँकेत तो कागद आधी मागितला जातो.